पुण्यातील भावासाठी मद्यमुक्तीची सभा : एक विचारणा

सप्रेम नमस्कार,

हे पत्र मंडळाच्या चिटणीसांमार्फत, नावाशिवाय पाठवत आहे. माझा धाकटा भाऊ पुण्यात कोथरूडला राहतो. त्याचे पिणे आता रोजचे झाले आहे. नोकरी अजून टिकून आहे, आणि दरवर्षी गटारी झाली की गणपती उठेपर्यंत तो थेंबालाही शिवत नाही. त्यामुळे ‘मनात आणले की मी सोडतो’ हे त्याचे म्हणणे घरात कोणालाच खोडता येत नाही. भावजयीने कोणाच्या तरी सांगण्यावरून चहातून द्यायची पावडर मागवली आहे. ती अजून उघडलेली नाही. पिणे सोडलेल्या लोकांच्या सभा पुण्यात भरतात, असे ऐकले. त्या मराठीतून असतात का, पैसे किती पडतात, आणि इथे इंग्लंडमधून मी त्याचे नाव नोंदवू शकते का?

एक सभासद

---

ताई, स.न.वि.वि.

आधी पावडरीविषयी. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींतून येणाऱ्या पुडीत काय असते, हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. त्यात डायसल्फिराम असेल आणि त्यावर भाऊ प्यायला, तर चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड आणि रक्तदाब कोसळणे इथपर्यंत मजल जाते. प्रसंगी जीवही जातो. हे औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून आणि त्याच्या संमतीने. पुडी टाकून द्यायला सांगा.

आपण ऐकले आहे त्या सभा बहुधा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या असाव्यात. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे शेअर बाजारातील एक गृहस्थ आणि एक शल्यविशारद, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलून न पिता राहू लागले, तेथून हे सुरू झाले. भारतात ते १९५७ मध्ये आले. पुण्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून सभा होतात. फी नाही. शेवटी एक पेटी फिरते, तिच्यात ज्याला वाटेल तो टाकतो, आणि नवख्याने काही टाकावे अशी अपेक्षाही नसते. नाव नोंदवण्याचे म्हणाल, तर नोंदवही नसतेच. पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट आहे, आणि ती दुसऱ्याने त्याच्या वतीने पुरी करता येत नाही. वेळा व जागा बदलत असल्याने ए.ए.च्या भारतीय संकेतस्थळावर पाहून, जाण्याआधी त्याने स्वतः फोन करावा. पलीकडे बोलणारा माणूसही कधी काळी पिणाराच असतो.

मी स्वतः पुण्यातच या सभांना बसू लागलो, म्हणून थोडे अधिक लिहितो. शाळेचा एखादा वर्ग, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि एकेक जण पहिले नाव सांगून ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणत आपली हकीकत सांगतो. मध्ये कोणी सल्ला देत नाही, हे मला पहिल्या दिवशी फार विचित्र वाटले होते. (पुणेकरांना ते जमते, याचे आजही नवल वाटते.) आडनाव, कचेरी, हुद्दा कोणी विचारत नाही. श्रावणाविषयी त्याच्याशी वाद घालू नका. आमच्यातल्या पुष्कळांनी श्रावण निष्ठेने पाळलेला आहे. सोडणे येतच होते, पुन्हा न धरणे येत नव्हते. ते त्याने आपल्यासारख्याच एखाद्याच्या तोंडून ऐकलेले बरे.

दाखल करण्याची वेळ आली, तर येरवड्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये ते सुरू केले. तेथे पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गटही आहे. मात्र भावाची वाट न पाहता आपण आणि भावजयीने स्वतःसाठी अल-अनॉनच्या सभेला जावे, असे मी आग्रहाने सांगेन. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी १९५१ पासून चालत आलेली ही वेगळी संघटना आहे. तिच्या ऑनलाइन सभाही असतात, आणि पुण्यात संध्याकाळी सात म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे अडीच.

आपला एक पुणेकर

---

नमस्कार,

डॉक्टर या नात्याने एक पुरवणी जोडतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले, तर काही तासांतच हात कापणे, घाम, झोप उडणे असा त्रास सुरू होऊ शकतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. गेल्या श्रावणात काही झाले नाही, म्हणून यंदाही होणार नाही असे समजू नये. वारंवार सोडून पुन्हा सुरू केल्यास हा त्रास उलट वाढत जातो. सभेला त्याने आजही जावे, पण पिणे थांबवण्याआधी मनोविकारतज्ज्ञाला दाखवावे. भारतातून १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती मदतक्रमांक निःशुल्क लागतो.

---

दोघांचे मनापासून आभार. पुडी भावजयीने टाकून दिली आहे. भावाला माहिती पाठवली. ‘बघतो’ एवढेच उत्तर आले. आम्ही दोघींनी अल-अनॉनची रविवारची ऑनलाइन सभा ठरवली आहे. एकच विनंती : ही पत्रे कृपया पुढे पाठवू नयेत, आपल्यापैकी निम्म्यांचे नातेवाईक कोथरूडलाच राहतात.