'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट': शास्त्रातलं किती, भर घातलेलं किती?

प्रश्न – तरुणसंघ
उत्तम शुक्रवारच्या आधी मंडळीतल्या तरुणांना मेल गिब्सनचा 2004 चा हा चित्रपट दाखवायचं ठरतंय. चित्रपट काळजाला हात घालतो यात वाद नाही. पण पाहणारा पुढे ती सगळी दृश्यं शुभवर्तमानातलीच (येशूच्या जीवनाच्या चार वृत्तान्तांतली) धरून चालतो. कोणती दृश्यं शास्त्रात नाहीत? आणि चर्चा कशी घ्यावी?

उत्तर – वचनवही
गेथशेमानेपासूनच, म्हणजे येशूला अटक झाली त्या बागेपासूनच, सुरुवात करा. येशू टाचेने साप चिरडतो, हे बागेच्या वृत्तान्तात कुठेही नाही. ते उत्पत्ती 3:15 वरून घेतलंय, जिथे सापाचं डोकं ठेचलं जाईल असं म्हटलंय. चेहरा पुसायला कापड देणारी वेरोनिका क्रूसाच्या वाटेच्या परंपरेतली, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरचे प्रसंग एकेका स्थानी आठवायच्या प्रार्थनेतली, सहाव्या स्थानाची. रोमी सुभेदार पिलाताच्या बायकोचा शास्त्रात फक्त स्वप्नाबद्दलचा निरोप आहे (मत्तय 27:19). ती मरीयेला कापडं आणून देते, हे ॲन कॅथरिन एमरिक या जर्मन धर्मभगिनीच्या दर्शनांवरून आलं. येशूशेजारी क्रूसावर टांगलेल्या चोराचा डोळा टोचणारा कावळाही शुभवर्तमानात नाही.

मग्दालीया मरीयेबाबत मात्र नीट समजावून सांगाच, तिच्यावर फार अन्याय झालाय. चित्रपटात तीच व्यभिचारात धरलेली स्त्री दाखवली आहे. योहान 8 मधल्या त्या स्त्रीला नावच नाही. मग्दालीयेतून सात भुतं निघाली होती, एवढंच लूक 8:2 सांगतो.

काही जागी चित्रपट वेगवेगळी शुभवर्तमानं एकत्र गुंफतो. अटकेच्या वेळी कान कापला गेलेला प्रमुख याजकाचा दास मल्ख, त्याचं नाव फक्त योहानात आहे (18:10), त्याचा कान बरा केल्याचं फक्त लूकात (22:51).

उत्तर – पहाटतारा
भर घालण्याला माझी हरकत नाही, चित्रपटाला मोकळ्या जागा भराव्याच लागतात. हरकत आहे ती कशावर किती वेळ दिला याला. मत्तय आणि मार्क येशूला मारलेल्या फटक्यांचा उल्लेख वाक्याच्या ओघात करून पुढे जातात (27:26, 15:15), योहानात एक ओळ आहे (19:1). पडद्यावर तोच प्रसंग कित्येक मिनिटं चालतो, आणि पुनरुत्थान अगदी शेवटी काही क्षणांत उरकतं. मग बघणाऱ्याला वाटतं, वेदना जितकी जास्त तितकं तारण मोठं. मार्काचा रोख बघा: मंदिरातला पडदा वरून खालपर्यंत फाटतो आणि रोमी शताधिपती म्हणतो, हा खरोखर देवाचा पुत्र होता (15:38-39). मरणारा कोण आहे, हे मार्काला सांगायचंय.

क्रमातही फरक आहे. मत्तय-मार्कात फटके वधस्तंभासाठी सोपवून देताना पडतात. योहानात त्याआधी, पिलात अजून सोडवायच्या खटपटीत असताना. चित्रपट योहानाचा क्रम घेतो.

उत्तर – वचनवही
चर्चेबद्दल. चित्रपटाच्या आधी मार्क 14 आणि 15 मोठ्याने वाचून घ्या, साधारण वीस मिनिटं लागतात. मजकूर ताजा असला की भर आपोआप डोळ्यात भरते. नंतर चार गट करून प्रत्येकाला एकेक शुभवर्तमान द्या: मत्तय 26-27, मार्क 14-15, लूक 22-23, योहान 18-19. गालीलचा शासक हेरोद याच्यासमोरची चौकशी फक्त लूकाच्या गटाला सापडेल, आणि चौघांनी आपापल्या परीने काय निवडलं ते तिथेच कळेल. नुसती चुकांची यादी करायला सांगितलीत तर चर्चा परीक्षेसारखी होते आणि येशू बाजूला राहतो. म्हणून प्रत्येक गटाला विचारा: तुमच्या लेखकाने इथे काय सांगितलं नाही, आणि का?

उत्तर – पहाटतारा
एक गोष्ट टाळू नका. मत्तय 27:25 मधला 'त्याचं रक्त आम्हांवर' हा उद्गार चित्रपटात अरामी भाषेत ऐकू येतो, पण त्याची उपशीर्षकं काढलेली आहेत. या वचनाच्या आधारे शतकानुशतकं यहुद्यांचा छळ झाला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये स्पष्ट केलं की त्या काळच्या सगळ्या यहुद्यांना सरसकट आणि आजच्या यहुद्यांना या मृत्यूसाठी दोषी धरता येणार नाही. येशू, मरीया, पेत्र सगळे यहुदीच होते, हे चित्रपट सुरू करण्याआधीच सांगा.

लहान मुलांना बसवू नका. आणि शेवटी दिवे लावून लूक 24 पूर्ण वाचा, पुनरुत्थित येशू दोन शिष्यांना भेटतो त्या अम्माऊसच्या वाटेसकट.