शेव्हर: जाळीचा, चकत्यांचा, की मुळात नकोच?

सातची_लोकल

विषय फालतू वाटेल. पण रोज सकाळी सहा वीसला अर्ध्या झोपेत आरशासमोर उभं राहणाऱ्याला तो फालतू नसतो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या बोनसमधून तीन चकत्यांचा रोटरी शेव्हर घेतला. दुकानदार म्हणाला, "साहेब, सगळ्यात जास्त हाच जातो." गालावर ठीक चालायचा, पण कंठमण्याखाली मान रोज लालभडक. दुपारी कॉलर घासली की जीव जायचा. दीड वर्ष मी आपल्या कातडीलाच बोल लावत होतो. मग मेहुण्याकडे मुक्कामी असताना त्याचा फॉइलवाला, म्हणजे जाळीचा, फिरवून पाहिला (दुसऱ्याचा शेव्हर वापरू नये, माहीत आहे, ओरडू नका) आणि मान पहिल्यांदा शांत राहिली.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. फॉइलमध्ये पातळ जाळीच्या आड पाती डावी-उजवीकडे सरकतात. जाळीची भोकं बारीक, त्यामुळे एका दिवसाचा ताठ खुंट सरळ आत शिरतो आणि कापला जातो. तीन दिवसांची दाढी आडवी पडते, ती भोकात शिरतच नाही, मग आपण दाबतो आणि सोलपटतो. रोटरीच्या चकत्यांना लांबट फटी असतात, त्यात लांब आणि वाकडेतिकडे केसही सापडतात. म्हणून रोज दाढी करणारा, नाजूक कातडीचा किंवा मिशी राखणारा असेल तर फॉइल. दोन-तीन दिवसांनी जाग येणाऱ्यांनी रोटरी. आणि ज्याची दाढी कुरळी आहे त्याने दोन्ही घेऊ नयेत, ट्रिमरवर भागवावं.

पाती तीन की पाच, हा प्रश्न सगळ्यात शेवटचा. लोक नेमका तोच पहिला विचारतात. बोला.

आडवा_हात

बोलतो. मुळात हे सगळं कशासाठी? चार रुपयांचं पातं, पाच दाढ्या. वर्षाला त्र्याहत्तर पाती, म्हणजे तीनशे रुपयांच्या आत खेळ खलास. क्रीम धरा, तुरटी धरा, तरी हजाराच्या वर जात नाही. तुमचा फॉइलवाला केवढ्याला पडला?

आणि गुळगुळीतपणाचं काय? शेव्हरने केलेल्या दाढीवर संध्याकाळी हात फिरवला तर काजूकतलीवर फिरवल्यासारखं वाटतं का? पोळपाट-लाटण्याच्या जमान्यात पोळीचं मशीन घेण्यातला प्रकार आहे हा. वडिलांनी सोळाव्या वर्षी सेफ्टी रेझर हातात दिला, आज बावन्न चालू आहे. आधी गरम पाण्याचा टॉवेल, मग फेस, एकदा सुलटा हात, एकदा आडवा. उलटा कधीच नाही. एक पुटकुळी दाखवा.

सातची_लोकल

साडेपाच हजाराला. दीड वर्षाने जाळी-पात्यांची कॅसेट बदलली, ती एकोणीसशेला. हिशोबात तुम्ही जिंकलात, लेखी देतो. गुळगुळीतपणातही पात्याला तोड नाही, हेही मान्य.

पण तुमचा टॉवेल, फेस, दोन हात मिळून किती वेळ लागतो? माझी दाढी चार मिनिटांत होते. शिवाय बावन्न वर्षांत तुम्हाला एकही पुटकुळी आली नाही यावरून तुमची कातडी चांगली आहे एवढंच कळतं. पद्धत चांगली असेलही, पण ती माझ्या मानेवर सिद्ध व्हायची आहे.

आडवा_हात

बावन्न वय आहे हो! बावन्न वर्षं दाढी करत नाहीये.

पंचगंगा

लोकलवाले, एक साधा प्रश्न. तो रोटरी तुम्ही चेहऱ्यावर फिरवत होता कसा? वरून खाली, सरळ ओढत?

सातची_लोकल

हो. रेझर ओढतात तसाच. का?

पंचगंगा

झालं! आजार कळला.

रोटरी गोल-गोल फिरवायचा असतो, छोटी छोटी वर्तुळं, तीही अलगद. फॉइल सरळ ओढायचा, केसांच्या उलट दिशेने, कातडी दुसऱ्या हाताने ताणून. तुम्ही एकाचं तंत्र दुसऱ्याला लावलंत, वर खुंट राहिले म्हणून दाबलंत असणार. दाबलं की कातडी फटीत फुगते, शेव्हरचं डोकं तापतं आणि मान पेटते. दोष चकतीचा नाही.

आणि मानेबद्दल तर मी उलटंच म्हणेन. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मानेवर केस एका दिशेने वाढतच नाहीत, जबड्याखाली चक्क भोवरा असतो. आरशात बघा, बोट फिरवून बघा. एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला कानाकडे, मध्ये आडवे. असल्या ठिकाणी सरळ जाणारी जाळी किती वेळा फिरवणार? दहा वेळा फिरवली तर नाजूक जाळीही सोलतेच. माझी दाढी राठ, मान भोवऱ्याची, आणि रोटरी गेली अकरा वर्षं सुखाने चालू आहे. दोन वर्षांनी चकत्या बदलतो, बस्स.

शिवाय नवीन शेव्हरला दोन-तीन आठवडे द्यावेच लागतात, कातडी रुळायला वेळ घेते. कंपन्याही हेच सांगतात. मेहुण्याच्या शेव्हरवर एका दिवसात निकाल लावायचा म्हणजे नवी सून पहिल्याच संध्याकाळी नापास करण्यासारखं आहे.

सातची_लोकल

वर्तुळांचं खरंच माहीत नव्हतं. माहितीपत्रक होतं, पण ते कोण वाचतं? रोटरीवरचा अर्धा राग मागे घेतो.

उरलेला अर्धा मिशीसाठी राखून ठेवतो. गोल डोक्याने मिशीची कड सरळ ठेवून दाखवा. मी एकदा डावीकडे जरा जास्त घेतली, मग समतोल साधता साधता आठवड्याभरात मिशी नाकाखाली टिकलीएवढी उरली. बायको फोटो काढू देत नव्हती.

टिचकी

मिशी ट्रिमरच्या पट्टीने कोरायची असते. असो.

मूळ लेखात 'फॉइल' असं काही नवीन, सुधारलेलं तंत्र असल्यासारखा सूर आहे, म्हणून जरा आजोबांची ओळख करून देतो. दाढीचं विजेवर चालणारं मशीन प्रथम बाजारात चाललं ते अमेरिकेत. जेकब शिक या माजी लष्करी अधिकाऱ्याचं, 1931 साली. रोटरी फिलिप्सचं, 1939 चं, अलेक्झांडर होरोविट्झ या त्यांच्या इंजिनिअरने केलेलं. तेव्हा त्याला एकच डोकं होतं. ब्राउनचा जाळीवाला आला 1950 मध्ये. म्हणजे दोन्ही पंथ आपल्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठे आहेत, आणि इतक्या वर्षांत एकाने दुसऱ्याला संपवलेलं नाही, म्हणजे दोन्हीकडे काहीतरी दम असणार.

पात्यांच्या संख्येबद्दल मात्र लोकलवाल्यांशी सहमत. मी तर म्हणेन, मोटर बघा. जपानी बनावटीच्या वरच्या मॉडेलमध्ये मिनिटाला 14,000 फेऱ्यांच्या लिनिअर, म्हणजे गोल न फिरता सरळ मागे-पुढे चालणाऱ्या मोटर येतात. राठ दाढीत मोटर मंदावली की केस कापला न जाता ओढला जातो, आणि तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं. स्वस्त मशीनमध्ये बॅटरी उतरत आली की हाच अनुभव.

कुरळेराव

'कुरळ्या दाढीवाल्याने शेव्हर घेऊच नये' हे वाक्य वाचून आलो. भांडायला आलो होतो, पण खरं सांगायचं तर पाऊण भांडण विरघळलं.

माझी दाढी कुरळी. केस अगदी मुळापाशी कापला की वाढताना टोक वळून परत कातडीत घुसतं. मग तिथे दाणा, दाण्यात पू, मग काळा डाग. वीस-बावीस वर्षांचा असताना लोक विचारायचे, पिंपल्सवर काय लावतोस? पिंपल्स नव्हतेच ते. पात्याने सगळ्यात वाईट (आडवा हात, माफ करा, तुमची पद्धत तुमच्याच गालापुरती आहे), कारण ते सगळ्यात जवळून कापतं. जाळीच्या शेव्हरने कातडी ताणून, उलट्या दिशेने, दाबून केली की तेच. स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं, एकदम गुळगुळीत होण्याचा हट्ट सोडा, मिलिमीटरभर खुंट राहू द्या.

पण 'घेऊच नये' यावर माझी हरकत आहे. लग्नाच्या मांडवात खुंट घेऊन बसायचं होतं का मी? ट्रिमरवर भागतं ते रोजचं. आठवड्यातून एखाद्या दिवशी मी शेव्हर फिरवतो, कातडी न ताणता, अलगद, एकदाच. दाणे येत नाहीत असं नाही, पण बोटांवर मोजण्याइतके.

सातची_लोकल

'घेऊच नये' कापलं. 'रोज वापरू नये' असं वाचावं. नांदा सौख्यभरे.

आडवा_हात

इथे दर दोन प्रतिसादांनी एक वाक्य मागे घेतलं जातंय. शेवटी धाग्यात फक्त माझं पातं उरेल.

मिरजेची_लेक

मध्येच बोलते, इथे सगळे दाढीवाले आहेत आणि मला खरंच विचारायचं आहे. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या कायमच्या. आयुष्यभर पात्याने दाढी केली, अगदी आडवा हात सांगतात तशीच, टॉवेल-तुरटीसकट. आता हात थोडा थरथरतो. मागच्या महिन्यात हनुवटीला लागलं आणि रक्त थांबायला पाऊण तास गेला. डॉक्टर म्हणाले, पातं बंद, इलेक्ट्रिक शेव्हर आणा. बाबा म्हणतात, "त्याने दाढी होत नाही, नुसती गुदगुली होते."

गाल सैल पडलेत, दाढी पांढरी आणि मऊ, पण ते रोज करतात. काय आणू? आणि कृपा करून न्हाव्याला घरी बोलवा असं सांगू नका, त्याच्याही हातात पातंच असतं.

आडवा_हात

ताई, इथे मी पात्याची वकिली सोडतो. डॉक्टर म्हणाले ना, मग पातं बंद. रेझर घरातच ठेवू नका, नाहीतर ते पहाटे गुपचूप करतील. मी केली असती.

पंचगंगा

रोज करतात, केस मऊ, म्हणजे लोकलवाल्यांच्या नियमाने फॉइल. पण सैल कातडीवर मला रोटरी बरा वाटतो, चकत्या गालाबरोबर वळतात. हात थरथरत असेल तर कातडी ताणून धरायला दुसरा हात कितपत साथ देईल?

सातची_लोकल

मी फॉइलच म्हणेन, या बाबतीत मागे हटत नाही. गोल-गोल फिरवायचं नवं तंत्र चौऱ्याहत्तराव्या वर्षी कोण शिकणार? सरळ ओढायची हाताला पन्नास वर्षांची सवय आहे, फॉइलला तीच लागते. रोजची मऊ दाढी जाळीत सहज शिरते, दाबावं लागत नाही. ताणायचं नसेल तर गाल आतून जिभेने फुगवायचा. पहिले काही दिवस तुम्ही शेजारी उभ्या राहा. एक मात्र बघा: जाळी कुठे चेपली किंवा चिरली असेल तर त्याच दिवशी बदला. फाटक्या जाळीची धार पात्यासारखीच लागते.

टिचकी

हलका घ्या, मूठ जाड असलेला. आणि ओल्या-कोरड्या दोन्ही दाढीला चालणारा. किंमत मधली. सात हजारांचा बाबांना सांगितला तर ते कपाटात 'जपून' ठेवतील.

पंचगंगा

आणि दाढी आंघोळीच्या आधी. शेव्हरला कोरडा, ताठ केस लागतो, पाण्याने केस नरम होतो, कातडी फुगते. पात्याचं बरोबर उलट.

आडवा_हात

पुणे-मिरजेत ठीक आहे. आम्ही अंधेरीत राहतो. मे महिन्यात सहा वाजता कोरडा गाल कुठून आणायचा? जाळी घामाला चिकटून चर्रर्र करते. हो, माझ्याकडे आहे एक शेव्हर. मुलाने दिलेला. दोनदा वापरलाय. बोलू नका.

सातची_लोकल

टाल्कम पावडर! दाढीआधी गालावर चिमूटभर. घाम शोषला जातो, जाळी सरकते.

आणि तिसऱ्यांदा वापरून बघा. तीन आठवडे द्या, पंचगंगांची सून लक्षात ठेवा.

मिरजेची_लेक

तीन आठवड्यांनी सांगायला आले. दोन जाळ्यांचा फॉइल घेतला, अडीच हजाराच्या आतला, पाण्यात चालणारा. पहिले चार दिवस असहकार. पाचव्या दिवशी बघते तर बाबांनी मगमध्ये ब्रश फिरवून नेहमीसारखा फेस केला, चेहरा पांढराशुभ्र केला आणि फेसावरून शेव्हर फिरवला. मग तुरटी. म्हणाले, आता दाढी केल्यासारखं वाटतं. मऊ दाढी आहे, निघतेय. कुठे लागलं नाही.

फक्त आता मशीन जरा कुरकुरतंय, आणि जाळीत साबण साचतोय. जुन्या टूथब्रशने घासू का?

टिचकी

जाळीला ब्रश अजिबात लावू नका, फाटेल. दाढी झाल्यावर चालू शेव्हर कोमट पाण्याच्या धारेखाली धरा, मग बंद करून जाळी काढून वाळत ठेवा. साबणाने तेल धुऊन निघतं म्हणून कुरकुर येते. आठवड्यातून एकदा जाळीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, पाच सेकंद चालवायचं, पुसून टाकायचं.

आडवा_हात

ब्रश, फेस, तुरटी. बाबांना माझा नमस्कार सांगा.