मदत हवी आहे: चातुर्मासात अन्न कुठून आणायचं?

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये आम्ही काही जण सहा वर्षांपासून समारंभात उरलेलं अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोचवतो. धर्मादाय कार्यालयात नोंदलेला न्यास आहे, वीस-बावीस स्वयंसेवक आहेत, एक छोटा हत्ती आहे आणि एका सदस्याने वापरायला दिलेलं गॅरेज आहे. अन्न मुख्यतः गंगापूर रोडच्या बाजूच्या लॉन्समधून येतं. वाटप मजूर नाक्यावर, दोन वस्त्यांमध्ये आणि सरकारी दवाखान्याबाहेर थांबलेल्या नातेवाइकांसाठी.

आषाढी एकादशी जवळ आली की माझ्या पोटात गोळा येतो. त्या दिवसापासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. लग्नं बंद, लॉन्स रिकामे, आचारी गावाला. काढीव मुहूर्तावर एखाद-दुसरं लग्न होतं, पण ते घरगुती, शंभर पानांचं. तिथे काय उरणार? तुळशीचं लग्न लागेपर्यंत आमचा फोन जवळजवळ वाजतच नाही. २०२३ ला अधिक श्रावण आला होता, तेव्हा हे चार महिन्यांचे पाच झाले.

आणि नाक्यावरच्या माणसाचे सगळ्यात वाईट दिवस हेच. पावसात स्लॅबचं काम थांबतं, प्लास्टर थांबतं, रंगकाम थांबतं. सकाळी साडेसहाला हातात थापी घेऊन उभी राहिलेली माणसं दहाला तशीच परत जातात. वैशाखात त्यांना रोज काम असतं आणि आमच्याकडे पातेल्यानं मसालेभात असतो. श्रावणात काम नसतं आणि आमच्याकडेही काही नसतं. माझ्या वहीत गेल्या वर्षीची नोंद आहे: मे महिन्यातल्या एका मोठ्या तिथीला एका रात्रीत ९०० माणसांचं जेवण, आणि श्रावणातल्या एका पूर्ण आठवड्यात १४०. त्या दोन पानांवरून माझी नजर हलत नाही.

नाक्याजवळ एक आजी बसतात. स्टीलचा डबा, झाकण जुन्या नाडीनं बांधलेलं. पहिल्या दिवशी डबा पुढे करण्याआधी त्यांनी विचारलं, "ताटातलं नाही ना बाई?" मी म्हटलं, नाही आजी, पातेल्यातलं आहे, पंगतीत गेलेलंच नाही. मग त्यांनी नाडी सोडली. उरलेलं आणि उष्टं यातला हा फरक आम्ही तेव्हापासून प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी शिकवतो. बुफेच्या टेबलावर मांडलेलं, लोकांनी डाव घातलेलं अन्नही आम्ही उचलत नाही, फक्त मागे भटारखान्यात राहिलेलं. याच आजींनी गेल्या आषाढात रिकाम्या डब्याकडे बघत विचारलं, "मुहूर्त संपले का गं?" दुसऱ्याच्या लग्नाच्या तिथीवर आपलं जेवण ठरतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि मला ते सहा वर्षांत इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं.

दुसरी अडचण रात्रीची आहे आणि ती लग्नसराईतच येते. यजमानाचा फोन येतो तो पाहुणे गेल्यावर, साडेअकरा-बाराला. अन्न शिजलेलं असतं संध्याकाळी सहाला. या वैशाखात असंच एक मोठं पातेलं आलं. आमच्या मुलाने झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला थेंब धरलेले, भात डावाला चिकटून ओढला जात होता आणि वाफेला किंचित आंबूस वास. आचारी म्हणाले, "झाकून ठेवलं म्हणून वास आलाय, एक उकळी द्या." मी नाही म्हटलं. यजमान चिडले, "अन्न पूर्णब्रह्म म्हणता आणि टाकून देता?" चाळीसेक किलो मसालेभात आम्ही खड्ड्यात पुरला. माती लोटताना दोन पोरं रडली. अन्नाला नाही म्हणायला माझीही जीभ रेटत नव्हती.

पण हे उकळीचं इथे स्पष्ट लिहिते, कारण चांगली चांगली माणसं हेच सांगतात. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि हे विष पुन्हा उकळल्याने जात नाही. वास येईलच असंही नाही. साठ अंशांच्या वर गरम किंवा पाच अंशांच्या खाली थंड, मधल्या पट्ट्यात अन्न जितका वेळ राहील तितका धोका. भरलेलं मोठं पातेलं झाकून ठेवलं की त्याचा मधला भाग हळूहळू थंड होत तासन्‌तास नेमका याच पट्ट्यात राहतो. ज्याला आपण जेवू घालतो त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी आजारी पडायची सोय नसते, त्याचा रोज बुडतो. म्हणून आमचा नियम: शिजून चार तास झाले असतील आणि गरम ठेवलेलं नसेल तर घ्यायचं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. अतिरिक्त अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१९ चे नियम आहेत. त्याप्रमाणे आमची नोंदणी आहे, कुणाकडून काय आणि कधी घेतलं याची वही आहे, डब्यांवर मोफत वाटपासाठी असल्याचं लेबल लावतो. केटरर अन्नाच्या किमतीची ८०जी पावती (आयकरात सवलत मिळवून देणारी) मागतात, ती देता येत नाही, वस्तुरूप देणगीला ती सवलत नाही. एवढं समजावून सांगितलं की बहुतेक जण ऐकतात.

आता मला विचारायचंय ते असं.

चातुर्मासात तुमच्या गावातल्या संस्था काय करतात? आम्ही गेल्या वर्षी कोरडा शिधा देऊन पाहिला: तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ. वस्तीत तो उपयोगी पडला. पण नाक्यावर झोपणाऱ्याकडे चूल कुठे आहे? त्याने पिशवी घेतली आणि दुकानात निम्म्या भावाने विकून वडापाव खाल्ला. मला त्याचा राग आला नाही, चूक आमची होती. भंडारे आणि महाप्रसादाचं अन्न मिळतं, पण सगळं एकाच दिवशी. गणपतीत चार दिवस पुरून उरतं आणि पाचव्या दिवशी शुकशुकाट. स्वतःचं स्वयंपाकघर काढावं का? कार्यकारिणीत निम्म्यांचं म्हणणं आहे की मग आपण अन्नाची नासाडी थांबवणारी संस्था राहणार नाही, अन्नछत्र होऊ. मला स्वतःला वाटतं की भूक आणि नासाडी हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण सहा वर्षं एकाचं उत्तर दुसऱ्यातून काढतोय. पण हे बैठकीत मांडायला माझ्याकडे अनुभवाचा आधार हवा.

आणि उशिरा फोन करणाऱ्या यजमानाला न दुखावता नाही कसं म्हणायचं, तेही सांगा. तो माणूस पुढच्या वेळी फोनच करत नाही.

प्रतिसाद

ताई, मी चाकणला कारखान्यांची कँटीन चालवणाऱ्या ठेकेदाराकडे बारा वर्षं आहे. तुमच्याकडे सातपूर-अंबड एमआयडीसी आहे, मग लॉन्सच्या मागे का? कारखान्याला चातुर्मास नसतो. दुपारचं जेवण दोन-अडीचला संपतं आणि तेव्हाच कळतं किती राहिलं. म्हणजे तुमच्या चार तासांच्या नियमात आरामात बसतं, आणि उजेडात वाटता येतं.

अडचण कुठे येते ते सांगतो. तुम्ही एचआरला मेल टाकाल, ते "बघतो" म्हणतील. त्यापेक्षा कँटीनच्या सुपरवायझरला दुपारी तीनला जाऊन भेटा. त्याची भीती एकच असते, बाहेर काही झालं तर ठेका जाईल. त्याला तुमचं नोंदणीपत्र आणि वही दाखवा, घेताना तापमान मोजून त्याच्यासमोर सही करा. हातातला प्रोब थर्मामीटर (अन्नात टोक खुपसून तापमान मोजायचा) फार महाग नसतो आणि वादच संपतो. यजमानाच्या रागावरही तेच औषध. तुम्ही नाही म्हणू नका, आकडा त्यालाच वाचायला सांगा.

एक मात्र आधीच सांगतो. तुमची वही पाहून कँटीनवाले कमी शिजवायला लागतील. आमच्याकडे सहा महिन्यांत तसंच झालं, शनिवारी लोक कमी येतात हे कुणी मोजलंच नव्हतं. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचा पुरवठा घटेल हे धरून चाला.

प्रतिसाद

राग मानू नका, पण रोज आयतं मिळालं की लोक काम शोधायचं सोडतात. आमच्या इथल्या देवळाबाहेर हेच पाहतोय.

धागाकर्ती

दादा, राग नाही. पण एकदा सकाळी साडेसहाला आमच्या नाक्यावर या. तिथला प्रत्येक जण कामासाठीच उभा असतो. मुकादम येतो, वीस जणांतले चार उचलतो. उरलेले सोळा दहापर्यंत थांबतात, कारण कधीकधी उशिरा गाडी येते. आमचं जेवण मिळावं म्हणून काम सोडलेला माणूस मला अजून भेटला नाही. काम मिळालं म्हणून जेवण सोडून पळत गाडीत बसलेले रोज भेटतात.

प्रतिसाद

मी निवृत्त आहे, पुरवठा खात्यात होतो. ताई, तुम्ही वस्तीत शिधा देता त्या घरांची शिधापत्रिका कुठली आहे ते विचारलंत का? अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे. त्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य आणि अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डाला, कुटुंबामागे ३५ किलो. जानेवारी २०२४ पासून हे धान्य पाच वर्षांसाठी मोफत केलं आहे. आणि आता कार्ड गावाकडचं असलं तरी इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं, परराज्यातलं असलं तरी. कितीतरी मजुरांना हे माहीतच नसतं, किंवा आधार जोडणी अडकलेली असते, किंवा केवायसी न झाल्यामुळे नाव थांबलेलं असतं.

तुमच्या वीस मुलांपैकी चार जणांना फक्त हे काम द्या. कार्ड पाहायचं, अडकलेलं काय ते शोधायचं, दुकानात सोबत जायचं. दुकानदार एकट्या बाईला परत पाठवतो, सोबत कुणी असलं की पाठवत नाही. पाच माणसांच्या घराला महिन्याला २५ किलो धान्य सुरू झालं तर ते चातुर्मासातही येतं आणि त्याला तुमचा टेम्पो लागत नाही. नाक्यावर झोपणाऱ्यासाठी मात्र शिजलेलंच लागेल. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली शिवभोजन थाळी १० रुपयांची आहे, दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. तुमच्या नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर केंद्र चालू आहे का ते स्वतः जाऊन पाहा. ज्याच्याकडे १० रुपयेही नसतात त्याचे संस्थेने भरावेत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद कार्यकारिणीत जसाच्या तसा वाचून दाखवला. काल संध्याकाळी आम्ही तिघी वस्तीत गेलो. सत्तावीस घरं झाली. अकरा घरांकडे गावाकडचं कार्ड आहे आणि ते इथे चालतं हे त्यांच्यापैकी नऊ जणांना माहीत नव्हतं. एका घरात कार्ड पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या साडीच्या घडीत ठेवलेलं होतं, हरवू नये म्हणून. चार वर्षांत ते एकदाही बाहेर निघालं नव्हतं. सोमवारी त्या बाईंबरोबर मी दुकानात जाते आहे.

चाकणच्या दादा, अंबडच्या दोन कँटीनमध्ये तीन वाजता जाऊन आले. एकाने पुढच्या बुधवारी या म्हटलंय. प्रोब थर्मामीटर मागवला आहे. आता एकच विचारते: पन्नास-साठ माणसांचं वरण दोन तास साठ अंशांच्या वर राहील असा इन्सुलेटेड डबा तुमच्याकडे कुठला वापरतात? थर्माकोलच्या पेटीत पातेलं ठेवून पाहिलं, दीड तासात पंचावन्नवर आलं.