युक्तिवाद सबळ की दुर्बळ, हे ठरवायचे कशावरून? (हद्दवाढीच्या प्रश्नावरून निर्माण झालेली शंका)

करवीरकन्या :

नमस्कार. मी कोल्हापुरात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करते. राज्यसेवा पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर आता 33 टक्के गुणांच्या पात्रतेपुरता उरला असला, तरी बँकांच्या आणि इतर परीक्षांसाठी तर्कक्षमतेचा अभ्यास सोडून चालत नाही, आणि त्यातला ‘विधान आणि युक्तिवाद’ हा प्रकार मला अजून नीट उलगडलेला नाही. ‘शासनाने अमुक करावे काय?’ असे एक विधान असते, त्याखाली एक ‘होय’चा आणि एक ‘नाही’चा युक्तिवाद असतो, आणि पहिला सबळ, दुसरा सबळ, दोन्ही सबळ किंवा एकही नाही, यांतून उत्तर निवडायचे असते.

एका सराव प्रश्नसंचात विधान होते : ‘मोठ्या शहराच्या हद्दीत लगतची गावे समाविष्ट करावीत काय?’ पहिला युक्तिवाद : ‘होय, कारण इतर सर्व मोठ्या शहरांनी तसे केले आहे.’ दुसरा : ‘नाही, कारण शहराला आहे त्या हद्दीतच पुरेशा सुविधा देता येत नसतील, तर गावांवरचा कर वाढेल आणि सुविधा मात्र मिळणार नाहीत.’ उत्तरसूचीनुसार फक्त दुसरा सबळ आहे. माझेही उत्तर तेच होते. परंतु शिवाजी पेठेत राहणारी माझी मैत्रीण म्हणाली, ‘तुझे गाव हद्दवाढीच्या यादीत आहे, म्हणून तुला दुसरा पटतो. माझे घर शहरात आहे, मला पहिला पटतो. यात तर्क कुठे आला?’ मला तिला उत्तर देता आले नाही. उत्तरसूची माझ्या बाजूने असूनही ती का बरोबर आहे, हे मला सांगता येत नाही, आणि तेच मला खटकते आहे.

स्वतःच्या मताशी आणि हिताशी संबंध नसलेली अशी काही कसोटी आहे का? आणि असल्यास ती परीक्षेबाहेर, उदाहरणार्थ आमच्या ग्रामसभेत, उपयोगी पडते का? तिथे हद्दवाढीचा विषय निघाला की ज्याचा आवाज मोठा त्याचा मुद्दा खरा ठरतो.

तर्कशास्त्राचा निवृत्त शिक्षक :

आपल्या मैत्रिणीचा आक्षेप नेमक्या जागी आहे, म्हणून आधी त्यालाच उत्तर देतो. युक्तिवाद आपल्या बाजूचा आहे म्हणून सबळ वाटतो की खरोखर सबळ आहे, हे ओळखण्यासाठी विरुद्ध बाजूचा शक्य तितका भक्कम युक्तिवाद स्वतः लिहून पाहावा. हद्दवाढीच्या बाजूने असे म्हणता येईल : लगतच्या गावांतील हजारो लोक नोकरी, शिक्षण आणि औषधोपचार यांसाठी रोज शहरात येतात, शहराचे रस्ते आणि बससेवा वापरतात, पण त्यांचा खर्च फक्त शहरातील करदाता उचलतो, शिवाय पाणी आणि सांडपाणी यांचे नियोजन गावाच्या वेशीपाशी तोडता येत नाही. हा युक्तिवाद सबळ आहे. तुमच्या गावाच्या विरोधात जाणारा असूनही तो तसा मानणे तुम्हाला जमले, तर तुम्ही युक्तिवाद तपासता आहात, गाव नव्हे. दोन परस्परविरोधी युक्तिवाद एकाच वेळी सबळ असू शकतात. एकाला सबळ म्हटले की दुसरा आपोआप दुर्बळ ठरतो, ही समजूत मी वर्गात वर्षानुवर्षे पाहिली आहे आणि या प्रश्नप्रकारात बहुतेकांचे गुण तिच्यामुळेच जातात.

आता पहिला युक्तिवाद पाहा. ‘इतरांनी केले’ एवढे सांगून करणाऱ्यांचा फायदा झाला की तोटा, आणि आपली परिस्थिती त्यांच्यासारखी आहे की नाही, हे कळत नाही. ‘अमुक शहराने गावे घेतल्यावर तेथील सांडपाण्याची व्यवस्था एकत्र झाली, आणि आपल्याकडे नेमकी तीच अडचण आहे,’ असे म्हटले असते, तर तोच दाखला वजनदार झाला असता. दाखला देणे हा दोष नव्हे. दाखला आणि निष्कर्ष यांच्यामधला दुवा न सांगणे हा दोष आहे. दुसऱ्या युक्तिवादात तो दुवा स्पष्ट आहे : काय घडेल, कोणाला सोसावे लागेल आणि का. तो खरा आहे की नाही हा पुढचा प्रश्न, पण तो तपासता येतो.

कोल्हापुरातच पाहायचे, तर येथे नगरपालिका 1854 मध्ये आली आणि 15 डिसेंबर 1972 रोजी महानगरपालिका झाली, परंतु क्षेत्र सुमारे 66.82 चौरस किलोमीटरच राहिले. ‘इतक्या वर्षांत एकदाही हद्दवाढ झाली नाही’ हे वाक्य सभांमधून युक्तिवाद म्हणून टाळ्या घेते. माझ्या मते ती केवळ माहिती आहे. हद्द न वाढल्यामुळे अमुक नुकसान झाले, असे पुढे जोडले तरच तिचा युक्तिवाद होतो. तसेच 2017 मध्ये भोवतालच्या 42 गावांसाठी स्वतंत्र नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्यामुळे ‘गावे शहरात आली नाहीत तर बांधकामे बेशिस्त होतील,’ असे म्हणणाऱ्याला आता हे प्राधिकरण त्या कामास का अपुरे पडते, तेही सांगावे लागेल. प्रश्न ‘करावे काय’ असा असला, तरी ‘कशाच्या तुलनेत’ हे त्यात गृहीत असते.

एक जुने उदाहरण देतो, कारण त्यात ‘पैसा नाही’ या नेहमीच्या युक्तिवादाची जात कळते. ज्यांचे सुरुवातीचे शिक्षण कागल आणि कोल्हापूर येथे झाले, त्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यात टप्प्याटप्प्याने सक्ती आणण्याची तरतूद होती. 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. विरोधकांचे मुद्दे साधारण असे होते की खर्च झेपणार नाही, नवा कर बसेल, लोकांची तशी मागणी नाही आणि सक्ती जाचक ठरेल. खर्चाचा मुद्दा हलका नव्हता, पण तो ‘कधी आणि कोणत्या साधनांनी’ याचे उत्तर देतो, ‘करावे की नाही’ याचे नव्हे. मागणी नसल्याचा मुद्दा मला त्याहून कमकुवत वाटतो, कारण ज्यांना शाळा कधी मिळालीच नाही त्यांच्या मौनाला त्यात नकार मानले आहे. पुढे 1917 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंडाची तरतूद केली. येथेही सावध राहावे. एका संस्थानात जमले म्हणून सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा जमलेच असते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ‘हे अशक्यच आहे’ हा दावा गरजेपेक्षा मोठा होता, एवढेच सिद्ध होते.

तयारी_वर्ग :

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु परीक्षेत एका प्रश्नाला जेमतेम मिनिटभर मिळतो, म्हणून त्यापुरते थोडक्यात लिहितो. युक्तिवादातील वस्तुस्थिती उघडपणे खोटी नसेल तर ती खरी धरून चला आणि इतकेच पाहा, की ती विचारलेल्याच प्रश्नाला थेट भिडते का आणि तिचा परिणाम दखल घेण्याइतका मोठा आहे का. ‘होय, कारण ते लोकहिताचे आहे’ अशा वाक्यात विधानच फिरवून सांगितलेले असते, त्याला सबळ म्हणू नका. ‘सर्व’, ‘फक्त’, ‘कधीच’ या शब्दांपाशी थांबा. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हापासून सराव संचांत ‘नाही, कारण बंदी घातली तर सर्वच उद्योग बंद पडतील’ असे युक्तिवाद दिसतात. ‘सर्वच’ या शब्दाने तो कोसळतो. ‘प्लास्टिक पिशव्या बनवणाऱ्या लहान कारखान्यांतील कामगारांना पर्यायी रोजगार नाही’ असे असते तर तो टिकला असता. स्वतःचे मत आणि वर्तमानपत्रात वाचलेले तपशील परीक्षागृहाबाहेर ठेवून जा.

शिरोळचा शेतकरी :

तयारी वर्गाच्या सरांचा सल्ला गुणांसाठी बरोबर असेल. मात्र ताईंनी ग्रामसभेचेही विचारले आहे आणि तिथे ‘वस्तुस्थिती खरी धरून चला’ हा नियम घातक ठरतो. तिथे निम्मे काम वस्तुस्थिती तपासण्याचेच असते.

आमच्या तालुक्यात नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, पुढे कृष्णा कर्नाटकात जाते, तिथे हिप्परगीचा बंधारा आणि त्याखाली अलमट्टीचे धरण आहे. पावसाळ्यात आम्ही कोल्हापुरातील पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर डोळे लावून बसतो : 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 55 फुटांच्या वर गेली. अलमट्टीची पाणीपातळी 519.6 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत वाढवण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने 2010 मध्ये मुभा दिली आहे आणि तिला आमचा विरोध आहे. माझाही आहे. पण सभांमध्ये या विरोधासाठी जो युक्तिवाद सर्वांत जास्त ऐकू येतो, तो मला सर्वांत कच्चा वाटतो : ‘अलमट्टी झाले आणि नंतर 2005 ला, 2019 ला आपण बुडालो, म्हणजे अलमट्टीनेच बुडवले.’ एकामागून एक घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले, असे होत नाही. त्याच दिवसांत पाणलोटात अतिवृष्टी झाली होती, वरच्या धरणांतून विसर्ग सुरू होता आणि पूररेषेच्या आत भराव टाकून बांधकामेही झाली होती. यांतल्या कशाचा वाटा किती, हे वेगळे केल्याशिवाय बोट एकाच जागी ठेवता येत नाही, आणि आपण तसे ठेवले की समोरची बाजू आपल्याला एका वाक्यात गप्प करते.

ते एक वाक्यही सांगतो. राज्य शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने 2019 च्या पुराला अलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणात अडलेल्या पाण्यामुळे वरच्या बाजूला नदीत चढणारे पाणी, कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष काढला. त्याचा आधार घेऊन म्हटले जाते, ‘मग उंची वाढवायला हरकत काय?’ हे ऐकून आमचे लोक समितीवरच संतापतात. संतापण्याचे काहीच कारण नाही, कारण समितीचा तो निष्कर्ष पूर्णपणे खरा धरला तरी हा युक्तिवाद लंगडाच राहतो. निष्कर्ष झालेल्या पुराबद्दल आणि तेव्हाच्या पातळीबद्दल आहे. प्रस्ताव त्याहून 4.656 मीटर उंच पातळीचा आहे. एका पातळीला त्रास झाला नाही म्हणून वरच्या पातळीला होणार नाही, हे कोणत्या हिशेबाने?

मला सबळ वाटणारा युक्तिवाद असा आहे : खालच्या बाजूला पाणी जास्त उंचीवर अडले, तर वरच्या नदीच्या पाण्याचा उतार कमी होतो, उतार कमी झाला की वेग मंदावतो आणि पूर ओसरायला अधिक दिवस लागतात. हा परिणाम धरणापासून दूर जाताना कमी होत जातो. तो नृसिंहवाडीपर्यंत पोहोचतो का आणि किती, हे नदीतळाची मोजणी आणि पुराचे आकडे घेऊन काढता येते. म्हणून अशी मोजणी दोन्ही राज्यांना मान्य होईल अशा रीतीने होऊन तिचे निकाल लोकांसमोर येईपर्यंत पातळी वाढवू नये. या मांडणीला सभेत टाळ्या कमी पडतात, हे मी अनुभवले आहे. पण तिला उत्तर द्यायचे तर समोरच्याला आकडे घेऊनच यावे लागते. आणि उसाला पाणी लागून आठवडा गेला की पीक हातचे जाते, त्यामुळे पूर ‘आला की नाही’ यापेक्षा ‘किती दिवस राहिला’ हाच आमचा खरा प्रश्न आहे. तो कोणत्याही बाजूच्या भाषणात क्वचितच असतो.

करवीरकन्या :

सर, दादा, सर्वांचे मनापासून आभार. काल मैत्रिणीबरोबर बसून आम्ही एकमेकींच्या बाजूचे युक्तिवाद लिहिले. तिने माझ्या गावाच्या बाजूने लिहिलेला मुद्दा माझ्यापेक्षा सरस होता : ‘ग्रामसभेत प्रत्येक मतदाराला थेट प्रश्न विचारता येतो. गाव प्रभागाचा भाग झाले की तो अधिकार एका नगरसेवकामार्फत चालतो, आणि त्याबदल्यात काय मिळणार हे आधी ठरलेले नाही.’ मी माझा जुना मुद्दा असा सुधारला आहे : ‘हद्दवाढ झाल्यास गावातील घरपट्टी लगेच शहराइतकी होईल, परंतु पाणी आणि गटारांची कामे कधी होतील याचे बंधनकारक वेळापत्रक नाही. म्हणून आधी वेळापत्रक आणि निधी जाहीर व्हावा, मग समावेश व्हावा.’ पुढच्या ग्रामसभेत हे मांडण्याचा विचार आहे. यात काही त्रुटी आहे का?

तर्कशास्त्राचा निवृत्त शिक्षक :

दुसरा अर्धा भाग चांगला आहे, कारण तो नुसता नकार न देता अट घालतो, आणि अट पूर्ण झाली की नाही हे कोणालाही पाहता येईल. ‘लगेच शहराइतकी’ हे शब्द मात्र काढा. नव्याने समाविष्ट झालेल्या भागात मालमत्ता कर टप्प्याटप्प्याने वाढवण्याची तरतूद महानगरपालिका अधिनियमात आहे. सभेत कोणी ती वाचून दाखवली, तर तुमचा खरा मुद्दाही त्या एका शब्दाबरोबर बाद ठरवला जाईल. त्याऐवजी आज गावातल्या एका साध्या घराला किती घरपट्टी आहे आणि तेवढ्याच क्षेत्रफळाच्या, तशाच बांधकामाच्या शहरातील घराला किती आहे, हे दोन आकडे शेजारी ठेवा आणि हा फरक ज्या वर्षांत भरून निघणार, त्याच वर्षांत कामे कोणती होणार, असे विचारा. शहरातला आकडा मैत्रिणीच्या घरच्या कराच्या बिलावर आहे. गावातला आकडा ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना 8 मध्ये मिळेल. त्याचा उतारा सभेच्या आधी रीतसर अर्ज करून घ्या आणि सोबत ठेवा.