मदत हवी आहे: फ्लॅट वाईत, घरमालक पुण्यात, भाडेकरार कसा करावा?

वाईत वन बीएचके ठरलाय. भाडं 7,500, डिपॉझिट 30,000, मेंटेनन्स 600 वेगळा, मुदत 11 महिने. मालक म्हणतात, 500 च्या स्टॅम्पवर नोटरी करू. मला नोंदणीकृत करारच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी खरं तर मालकाची, पण खर्च मी करतो म्हटलंय.

11 महिन्यांचं भाडं 82,500, डिपॉझिटवर 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 2,750, त्यावर पाव टक्का, म्हणजे मुद्रांक शुल्क सव्वादोनशेच्या आत. एजंट मात्र सगळं मिळून 4,500 सांगतो, वर ठसा द्यायला मालक आणि मी एकत्रच हवेत म्हणे! ऑनलाइन मसुदा स्वतः भरलाय, अडलंय ते अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या मशीनपाशी. आधार, पॅन, दोन साक्षीदार तयार आहेत. मालक गुडघेदुखीमुळे प्रवास करत नाहीत.

त्यांचा ठसा पुण्यात आणि माझा वाईत, वेगळ्या दिवशी घेतलेला चालतो का? घरी येऊन ठसा घेणारे किती घेतात?