आईच्या शुगरच्या गोळ्या बदलल्या

मेघा: सगळ्यांना इथेच सांगते, म्हणजे वेगवेगळे फोन नकोत. आई आता ठीक आहे. पहाटे चारला पलंगाच्या कडेला बसून स्वेटरची बटणं लावत होती, वरचं बटण खालच्या काजात. मान घामाने ओली. मला म्हणाली, "चल लवकर, बस जाईल." कुठली बस! शुगर पाहिली तर खूपच उतरलेली, 52. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, 88.

सुनीलदादा: रात्री जेवली नव्हती का?

मेघा: दोन घास. ग्लिमेपिराइड मात्र न चुकता घेतली. पोटात अन्न असो नसो, ती गोळी इन्सुलिन सोडायला लावतेच.

रोहन: आत्तू, पण आजीचा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, 6.4 आला होता ना? आपण इथे टाळ्या वाजवल्या!

मेघा: तिथेच फसलो रे. डॉक्टर म्हणाले, 79 वय, त्यात किडनी अशी, 8 च्या आत राहिलं तरी पुष्कळ. जरा वाढलेल्या शुगरपेक्षा उतरलेली शुगर तिला आधी पाडेल.

रोहन: किडनीचा काय संबंध?

मेघा: ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते तो आकडा, 41 आहे, कमी. औषध लवकर बाहेर पडत नाही, रेंगाळतं. म्हणून ग्लिमेपिराइड बंद, मेटफॉर्मिन दिवसाला 2000 वरून 1000 मिलिग्रॅम. ईजीएफआर 30 च्या खाली गेला तर तीही बंद. जोडीला लिनाग्लिप्टिन. किडनी मंदावली तरी तिचा डोस बदलावा लागत नाही आणि ती सहसा शुगर एकदम पाडत नाही. बी12 व्हिटॅमिन पण तपासायला दिलंय, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू आहे ना, त्याने ते कमी होऊ शकतं.

उज्ज्वलाआत्या: माझ्या जाऊबाईंना ते आठवड्याचं इंजेक्शन आहे. शुगर उतरली, वजनही उतरलं. वहिनीला तेच द्या की.

मेघा: आत्या, आईचं वजन 43 किलो! त्याने भूक मरते. आधीच तिला जेवायला विनवण्या कराव्या लागतात.

सुनीलदादा: आणि बाबांची डॅपाग्लिफ्लोझिन?

मेघा: बाबांना ती हृदयासाठी आहे, दादा. किडनीलाही चांगली म्हणतात. पण लघवीवाटे साखर आणि पाणी दोन्ही जातं, आणि आई पाणी पितच नाही. वर्षात तीनदा लघवीचं इन्फेक्शन झालंय. तूर्त नको म्हणाले.

उज्ज्वलाआत्या: अगं बाई, मी पण ग्लिमेपिराइडच घेते. आजपासून बंद करू?

मेघा: नको! मनाने काही बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार. बीपीला काय घेतेस, मेटोप्रोलोल ना? त्याने शुगर उतरताना धडधड कळत नाही. घाम तेवढा येतो.

उज्ज्वलाआत्या: घाम तर मला कधीपासून येतोय. म्हटलं वयाचा असेल.

मेघा: कधी येतो? रात्री?

उज्ज्वलाआत्या: पहाटे.

सुनीलदादा: आत्या, शुगरचं मशीन आहे ना घरी?

उज्ज्वलाआत्या: आहे रे. सेल संपलेत.

सुनीलदादा: सेल घेऊन निघतोय. अर्ध्या तासात येतो.