पिल्लू घरभर शू करतंय, दोघंही नोकरीला

रत्नागिरीत राहतो, दोन महिन्यांचं गावठी पिल्लू आणलंय. आम्ही दोघं सहापर्यंत ऑफिसात, आलो की पडवीभर शू, त्यात हा पाऊस. काय करू?

> ओरडू नका हो त्याला, एवढंसं पिल्लू दोन-तीन तासच धरतं. दुपारी शेजारच्या काकूंना सांगा आणि तुम्ही घरी असाल तेव्हा झोपून उठलं, खाल्लं की लगेच अंगणात न्यायचं, केलं की तिथेच उकडलेल्या मासळीचा तुकडा द्यायचा, काटा काढून.

> पण लसी होईपर्यंत रस्त्यावर नको, पार्व्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार) वाईट. साचलेल्या पाण्यातून लेप्टोपण (उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) होतो, डॉक्टरांना विचारा. फरशी व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, वास राहिला तर परत तिथेच करतं.

काकू तयार आहेत, थँक्यू!